चिंचेनं धुतलेली नाणी

माझी बायको रंभा मला नेहमी म्हणते, "तुम्हाला एक काम सांगितलं की तुम्ही दोन करता, आणि दुसऱ्यानं पहिल्याचं वाटोळं होतं." बायकोचं सगळंच मनावर घ्यायचं नसतं. पण हे ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नव्हता. अपराधच तसा होता माझा.

सन अठ्ठावीसचा चैत्र. मी सोलापुरात सरकारी कचेरीत कारकून. खजिन्याच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी रावसाहेबांकडे. रावसाहेब म्हणजे आमचे वरचे अधिकारी. माणूस सरळ, पण कागदात जे नाही ते त्यांच्या लेखी जगातच नाही. तर एका सोमवारी वैरागकडच्या एका पाटलानं बैलगाडीतून गाडगं पाठवलं, तोंडाला लाख ओतून मोहर केलेलं. तिकडं एका शेतात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवली होती. मेंढरांभोवती जाळं लावायला खुंटी ठोकली, ती खण्णकन गाडग्यालाच लागली. जमिनीत धन सापडलं की सरकारला दाखवायचं, असा कायदा. धनगर बिचारे भिऊन पाटलाकडं गेले, पाटलानं पंचनामा केला आणि गाडगं आमच्या गळ्यात मारलं.

लाख फोडली, गाडगं उपडं केलं. सोनं नाही, चांदी नाही. तांब्याच्या शिवराया! एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति'. माझ्या आजीच्या वेळी बाजारात चालायच्या त्या. मोजल्या तर तीनशे बारा. सगळ्या हिरव्याकाळ्या, कळकलेल्या. त्यातली एक पिवळी दिसली मला, हे पक्कं आठवतं. म्हटलं, माती असेल.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब नाणी बघणार होते. आता तुम्हीच सांगा, घरात पाहुणा येणार म्हटल्यावर आपण तांब्यापितळेची भांडी घासतो की नाही? आमचा शिपाई ईरप्पा घरच्या झाडाची नवी चिंच घेऊन आला होता. कचेरीच्या मागं घमेल्यात चिंच, मीठ आणि राख कालवली, आणि आम्ही दोघं दुपारभर घासत बसलो. असली लखलखायला लागली की काय सांगू! ईरप्पा म्हणाला, "नव्या नवरीगत दिसाय लागली की हो!" मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्याला चहा पाजला. हिरवंपिवळं पाणी मोरीतून वाहून गेलं.

मंगळवारी रावसाहेब खूश. म्हणाले, "ही नाणी मुंबईला जाणकारांकडं जायची आहेत. सोबत यादी हवी, प्रत्येक नाण्यापुढं त्याची प्रत लिहायची. किती चांगलं, किती झिजलेलं. तुम्हाला येतं का?"

"न यायला काय झालं," मी म्हणालो. मला अर्थातच काही येत नव्हतं.

"सिद्धप्पांना बोलवा," रावसाहेब म्हणाले. "ते शिकवतील. पुढच्या सोमवारी पार्सल गेलंच पाहिजे."

बाहेर आलो, तर पायरीवर घोंगडं टाकून एक बाई बसलेली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कपाळाला भंडाऱ्याची हळद. नाव मायाक्का. वैरागहून दीड दिवस चालत आली होती.

"दादा," ती म्हणाली, "त्या गाडग्यात आमचा द्येव हाय."

"कुठला देव?"

"बिरोबा. धन उगडं पडलं की त्याला राखण लागती. रिकामं सोडलं तर घरातलं मानूस जातंय. म्हून म्या आमचा द्येवच ठिवला गाडग्यात, राखणीला. म्हनलं, पाटलाच्या हवाली करूस्तवर बसंल. तर पाटलानं येकदम लाख वतली की! म्या थांबा थांबा म्हंतीय, पन बाईमानसाचं कोन ऐकतंय?"

सरकारच्या धनावर बिरोबाला पहारेकरी बसवणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. मला हसू यायला लागलं. म्हटलं, "अहो, पण गाडग्यात मूर्ती नव्हती."

"मूर्ती कशाला आसंल? शिवराई हाय आमचा द्येव. तांब्याची."

हसू तिथंच गोठलं.

"आता तीनशे बारातनं तुमची कशी ओळखायची?"

"त्यात काय अवगड हाय?" मायाक्का म्हणाली. "आमचा द्येव पिवळा हाय. किती पिढ्यांचा भंडारा बसलाय त्यावर. गाडग्यातली समदी हिरवी. लगीच घावंल की."

ती माझ्याकडं आशेनं बघत होती, आणि माझ्या नखांत अजून चिंचेचा वास होता. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "बघतो."

"बगा दादा. मालक गेल्यापास्नं कळप दीर बगतो. त्यो म्हनला, द्येव सरकारात जमा करून आलीस, आता द्येव घिऊनच तळावर ये, न्हाईतर येऊ नगंस. भंडारा लावल्याबिगर आमची मेंढरं हलत न्हाईत. आन तितलं रान संपलंय. लई दिस न्हाईत माज्याकडं."

घरी येऊन रंभाला सगळं सांगितलं. तेव्हा ती ते वाक्य म्हणाली, जे मी सुरुवातीला सांगितलं. वर आणखी म्हणाली, "उद्या जाऊन तिला खरं सांगा." मी कूस बदलली.

बुधवारी रावसाहेबांपुढं बाईचं म्हणणं घातलं. धुण्याचं नाही हं, नुसतं तिचं म्हणणं. ते म्हणाले, "पंचनाम्यात तीनशे बारा आहेत. त्यातलं एक तिचं आहे, तर कुठलं ते पुराव्यानं दाखवा. ज्या नाण्यावर संशय येईल तेवढंच तिला दाखवायचं. अख्खी रास तिच्यापुढं ओतायची नाही. आणि सोमवार म्हणजे सोमवार."

मग सिद्धप्पा आले. मंगळवार पेठेत त्यांचं कापडाचं दुकान, पण त्यांचं लक्ष कापडात कमी आणि भिंगात जास्त. पन्नास वर्षं नाणी जमवलेला माणूस. मी मोठ्या ऐटीत नाण्यांवरचं फडकं काढलं.

"अय्यो!" सिद्धप्पा कपाळावर हात मारून ओरडले. "कुठल्या शहाण्यानं धुतली ही?"

"पाटलाकडूनच अशी आली," मी म्हणालो.

झालं. चिंचेचं पाप कमी होतं म्हणून वर खोट्याचं मीठ.

"तांब्याला कातडं असतं रामहरी," सिद्धप्पा म्हणाले. "शंभर वर्षांत धरतं ते. चिंचेनं एका दुपारी सोललं की पुन्हा येत नाही. कोंबडीची पिसं उपटून म्हणायचं, बघा किती स्वच्छ! त्यातलीच गत." ते इतके चिडले होते की कानडीत काहीतरी पुटपुटत बसले. मला कानडी कळतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पण माणूस शिकवायला बसला की राग विसरतो. पूर्वेच्या खिडकीपाशी त्यांनी मला बसवलं, नाणं कडेनं धरायला लावलं आणि उजेडात तिरकं करायला सांगितलं.

"काय दिसतं?"

"चकाकतंय."

"चकाकणं विसर. चकाकणं चिंचेचं. अक्षराचा सगळ्यात उंच भाग कुठला ते बघ. उंच तेच आधी झिजतं. उंबऱ्याचा मधला भाग कसा खोलगट होतो? सगळे तिथंच पाय घासतात म्हणून. इथं 'श्री'ची वेलांटी बघ. ती धारदार असली तर नाणं कोरं. माथा बसका झाला तर चांगलं. कडेचे ठिपके एकमेकांत मिसळायला लागले तर बरं. अक्षर नुसतं जाणवलं तर झिजकं. आणि काहीच उरलं नाही तर सपाट."

मी बघायला लागलो. पहिली दहा नाणी मला सारखीच दिसली, देवाशपथ. अकराव्याला काहीतरी झालं. वेलांटीच्या टोकावर एक लहानसा सपाट तुकडा चमकला, आणि शेजारच्या नाण्यात तो नव्हता. मी ओरडलोच, "आप्पा, हे कमी चाललंय!"

"नोडु! बघ, आला डोळा!" सिद्धप्पा हसले. "आता दोन्ही बाजूंची प्रत वेगळी लिही. जी कमी ती नाण्याची."

"एका नाण्याला दोन प्रती कशाला? नाण्यांचा कसा कमरेला बांधला की दोन्ही बाजू सारख्याच घासणार की."

"सारख्याच घासतात. तरी लिही. उगाच वाद घालू नको."

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. एका नाण्यावर 'पति'तला 'ति' अर्धाच होता. मी लिहिलं, झिजकं. त्यांनी माझ्या हातावर पेन्सिल मारली. "हे झिजलेलं नाही, हे उठलंच नाही. ठोकणाऱ्याचा हात वाकडा पडला, ठसा एका अंगालाच बसला. न उठलेल्याला झिजलेलं म्हणशील तर वीस वर्षांच्या पोराला म्हातारा म्हणशील." अशी न उठलेली सात नाणी निघाली. त्यांची पुडी त्यांनी स्वतः निवडून वेगळी बांधली, वर लिहिलं: 'न उठलेली'.

ते चार दिवस मला वेड लागलं होतं म्हणा ना. ऑफिसात जाताना पायऱ्यांची प्रत बघायचो. विहिरीच्या काठावर दोरानं पडलेल्या खाचा बघायचो. रंभाच्या पाट्याला मी 'बरा' दिला आणि वरवंट्याला 'झिजका'. ती म्हणाली, "आणि तुम्हाला काय देऊ?" चाळीस वर्षं डोळे उघडे ठेवून हिंडलो आणि बघितलं काहीच नव्हतं, असं वाटायला लागलं. एखादी वस्तू कशी झिजली ते बघितलं की तिला कोण कसं हाताळत होतं ते दिसतं. हे मला कुणी शाळेत का नाही सांगितलं?

पण बाहेर पायरीवर मायाक्का बसलेली असायची. आत जाताना ती दिसायची, बाहेर येताना दिसायची. भाकरीचं फडकं दिवसेंदिवस लहान होत होतं. मी रंभाकडून भाकरी आणून द्यायचो. ती म्हणायची, "कशाला दादा तरास?" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शुक्रवारी सकाळी मी तिला विचारलं, "तुमच्या देवावर अक्षरं कशी आहेत? ठळक की पुसट?"

"अक्शार?" ती म्हणाली. "काय न्हाय त्यावर. सपाट हाय द्येव आमचा."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. 'सपाट' प्रतीची नाणी तीनशे बारांत नऊच होती! ती नऊ फडक्यात घेऊन मी बाहेर आलो. मायाक्कानं डोळे मिटले, एकेक नाणं घेतलं आणि त्यावर अंगठा फिरवला. डोळ्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"ह्यो न्हाय." दुसरं. "ह्योबी न्हाय."

नऊच्या नऊ झाली.

"नीट बघा मायाक्का," मी म्हणालो. "यापेक्षा सपाट नाणं आत नाही."

"दादा, रोज अंगठा लावतीया म्या. लेकराचं डोस्कं हाताला कळत न्हाय व्हय?" मग तिनं नाणी फडक्यात नीट बांधली आणि माझ्याकडं दिली. "म्हंजी द्येव गेला म्हनायचा. गाडग्यातनं कुटं गेला असंल वो?"

मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मी माझ्या टेबलापाशी जाऊन बसलो आणि स्वतःला चार शिव्या घातल्या, त्याही मनातल्या मनात.

शनिवार उजाडला. यादी पुरी झाली होती. सिद्धप्पा शेवटची नजर टाकत होते, आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी पुन्हा बाहेर गेलो आणि मायाक्काशेजारी पायरीवर बसलो.

"मला एक सांगा," मी म्हणालो, "तुम्ही देवाला भंडारा कसा लावता? सगळं सांगा. रोजचं."

तिला बरं वाटलं असावं. कमरेची भंडाऱ्याची पिशवी तिनं हातानं दाबली आणि रिकाम्या तळहातावर करून दाखवलं. "लोकरीचा पुंजका असतो. त्यावर द्येव बसवायचा. सकाळी मेंढरं सोडायच्या आदी भंडारा घ्यायचा आन असा अंगठा दाबून फिरवायचा. घरातल्या समद्यांनी. झालं."

"आणि पालथी बाजू?"

तिनं जीभ चावली. "द्येवाची पाठ बगायची नसती! दसऱ्याला लोकर बदलायची, तीबी डोळं मिटून. माज्या सासूनं बगितली न्हाय, म्या बगितली न्हाय. खाली काय हाय कुनाला ठावं?"

मी तिच्या अंगठ्याकडं बघत राहिलो. रोज, घरातल्या सगळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या, एकाच बाजूवर. आणि दुसरी बाजू लोकरीत. मेंढराच्या लोकरीत तेल असतं, तिथं कळकसुद्धा धरणार नाही. मग ती बाजू सपाट कशी असेल? ती तर कोरी असणार!

मी उठलो तो वहाण तिथंच राहिली. आत धावत जाऊन यादी ओढली. दोन्ही बाजूंच्या प्रती मी लिहिल्या होत्या, उगाच वाद न घालता. सगळीकडं जोडी सारखी: चांगलं-चांगलं, बरं-बरं. एकाच ओळीत एका बाजूला 'कोरं' आणि दुसरीकडं रेघ. शेरा: न उठलेलं.

पुडी सोडली. ते नाणं खिडकीत धरलं. 'छत्रपति' असं टवटवीत, जणू आज सकाळी ठोकलंय. उलटं केलं तर काहीच नाही. ना श्री, ना राजा, ना शिव.

"आप्पा," मी म्हणालो, "हे उठलं नाही असं नाही. हे झिजलंय."

सिद्धप्पांनी मान वर केली नाही. "चार दिवसांत मला शिकवायला लागलास? एका बाजूनं कोणतं नाणं झिजतं?"

"तुम्हीच सांगा, न उठलेलं तांबं हाताला कसं लागतं?"

"खरबरीत. मूळचं असतं ना ते, हातोडा न लागलेलं."

"आणि सपाट की खोलगट?"

"सपाट."

"मग ह्यावर भिंग धरा."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून भिंग धरलं. गिरणीचा भोंगा झाला, संपला. सिद्धप्पांनी नाणं तिरकं केलं, पुन्हा केलं. मधोमध एक उथळ खळगा होता, लोण्यासारखा मऊ, आणि कडेला ठिपक्यांच्या जागी फुटक्या मण्यांसारखी नुसती सावली उरली होती. ठिपके होते म्हणजे ठसा बसला होता.

"अय्यो शिवा," ते हळूच म्हणाले. "पन्नास वर्षं झाली रामहरी. असं झिजलेलं मी कधी बघितलं नाही. कुणी केलं हे?"

"अंगठ्यांनी," मी म्हणालो.

दोघं रावसाहेबांकडं गेलो. सिद्धप्पांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की पुडी बांधताना आपलीच चूक झाली. मोठा माणूस, मला तेवढं सुद्धा जमलं नव्हतं. रावसाहेबांनी नाणं बघितलं, यादी बघितली, सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "पण हळद रोज लावतात म्हणता, तर गाडगं उघडलं तेव्हा हे नाणं पिवळं दिसायला हवं होतं. दिसलं का?"

खोलीत पंखा ओढणाऱ्याचा दोर कुरकुरत होता. सिद्धप्पा माझ्याकडं बघत होते.

"दिसलं होतं," मी म्हणालो. "मग मी सगळी नाणी चिंचेनं धुतली. पाटलानं नाही, मी. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर..."

सिद्धप्पांनी भिंग खिशात घातलं. रावसाहेबांनी शांतपणे दोन कागद लिहिले. एकात लिहिलं की तीनशे अकरा नाणी धनाची, एक मायाक्का नावाच्या बाईची, चुकून मिसळलेली, ती परत दिली आहे. दुसऱ्यात माझी बढती एक वर्ष थांबवल्याचं लिहिलं. दोन्ही कागद रास्तच होते.

नाणं मी तळहातावर घेऊन पायरीपर्यंत आलो. गुळगुळीत बाजू वर धरली, पाठ दिसू नये म्हणून. मायाक्कानं डोळे मिटले आणि अंगठा ठेवला.

"ह्योच!" ती एवढ्या जोरात ओरडली की ईरप्पा आतून धावत आला. "ह्योच की वो! माजा बिरोबा! कुटं हुतास रं लेकरा?" देवाला लेकरू म्हणत ती रडत होती आणि हसत होती. मग तिनं डोळे उघडले. बघितलं. पुन्हा बघितलं.

"दादा, भंडारा कुटं गेला?"

आता मात्र मी सांगितलं. चिंच, मीठ, राख, घमेलं, मोरी. सगळं.

तिनं नाण्यावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. तिनं शिवी घातली असती तर मला सोपं गेलं असतं.

"त्यावर माज्या सासूचा भंडारा हुता," ती म्हणाली. "तिच्या सासूचा हुता. आन मालकांनी जायच्या आदल्या दिशी लावला हुता, उठवत नव्हतं तरी बसून लावला हुता. त्यावर मी रोज लावत आलीया. त्यो तुमी मोरीत सोडला."

"चुकलं माझं मायाक्का," मी म्हणालो. "लई चुकलं. पाच दिवस तुमच्या तोंडाकडं बघून खोटं बोललो."

तिनं कमरेची पिशवी सोडली. मला वाटलं, ती आता देवाला भंडारा लावून निघून जाईल आणि माझ्याकडं वळूनही बघणार नाही. पण तिनं शिवराई तळहातावर ठेवून तो हात माझ्यापुढं केला, आणि दुसऱ्या हातानं पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"लावा."

"मी?"

"धुतला कुनी? मग पयला भंडारा तुमीच लावायचा. आमी त्याच्यावर लावत जाऊ."

कचेरीच्या दारात माणसं जमली होती. मी चिमूटभर भंडारा घेतला, अंगठा त्या खळग्यात ठेवला आणि फिरवला. तो असा चपखल बसला की माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत. मायाक्कानं एकदा बघून घेतलं, शिवराई लोकरीत गुंडाळून पदराला बांधली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "येते दादा. मेंढरं उपाशी हायत." आणि भर उन्हात वैरागच्या वाटेला लागली.